मागच्या लिफ्टचा दोर

"आई, लिंदाल्वा पुढच्या लिफ्टने का येत नाही?"

हा प्रश्न स्वतःच्या घरी विचारून दाखव, अशी पैज तासियानाच्या मैत्रिणींनी लावली होती. तासियाना ब्राझीलमधल्या रेसिफे शहराच्या विद्यापीठात सामाजिक विषमतेवर एम.ए. करते आणि तिचा प्रबंध आमच्याच इमारतीतल्या दोन लिफ्टवर आहे. दुसऱ्यांच्या कामवाल्यांना प्रश्न विचारत हिंडतेस आणि आईसमोर मात्र दातखीळ बसते, असं मैत्रिणी तिला चिडवायच्या. हे तिनं माझ्यातच उभं राहून त्यांच्या घरी काम करणाऱ्या लिंदाल्वाला सांगितलं होतं.

मित्रांनो, मी एक जुनी लिफ्ट आहे. मागची! नवी होते तेव्हा सातव्या मजल्यावरचा पियानो मीच वर नेला आणि सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. नंतर पुढच्या लिफ्टला आरसा मिळाला, पितळी दांडी मिळाली. माझ्या वाट्याला आल्या कचऱ्याच्या पिशव्या, मासे, ओली कुत्री आणि कामवाल्या बायका. कोणालाही अडवू नये, अशी कायद्याची पाटी पुढच्या लिफ्टमध्ये आहे. तरी लिंदाल्वा बावीस वर्षं माझ्यातूनच येते. "पाटी गप्प असते गं पोरी," ती तासियानाला म्हणाली, "तुझी आई नसते."

तासियाना वही घेऊन माझ्या कोपऱ्यात उभी राहायची आणि कोण काय घेऊन येतं ते लिहायची. माझ्यावर कोणी लिहितंय म्हणून मी इतकी फुशारले होते, काय सांगू! पण एक गोष्ट तिच्या वहीत नव्हती. माझा दोर झिजला होता. त्याची एकेक तार तुटताना बारीकसं 'टक्' व्हायचं, आणि माणसं आत असताना झालं की माझा जीव गोळा व्हायचा. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कारागिरानं दोर बदला म्हणून लिहून दिलं होतं. इमारतीच्या बैठकीत तासियानाचे बाबा, डॉक्टर एराल्दो, म्हणाले की मागच्या लिफ्टची एवढी काय घाई, आधी पुढचा आरसा बदलू.

गेल्या मंगळवारी लिंदाल्वा कसाव्याच्या कंदांची पिशवी घेऊन आत आली. पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये 'टक्' झालं, लगेच दुसरं झालं, आणि मी हातभर खाली घसरले. ब्रेकनी रूळ कसे पकडले, मलाच माहीत नाही. पिशवी सांडली. लिंदाल्वा भिंतीला पाठ लावून खाली बसली.

तासियाना जिन्यानं धावत आली. दाराच्या फटीतून हाका मारू लागली.

"पोरी," लिंदाल्वा आतून म्हणाली, "आईला सांग, आज जेवायला उशीर होईल."

तासभरानं तिला बाहेर काढलं. कारागिरानं ब्रेक सोडवले, मला पुन्हा चालू केलं आणि दोर बदला म्हणून दुसऱ्यांदा लिहून दिलं. लिंदाल्वानं तोंड धुतलं आणि गॅस पेटवला.

माझं दार सातव्या मजल्यावर थेट तासियानाच्या स्वयंपाकघराला लागून आहे, त्यामुळे जेवताना तिनं तो पैजेचा प्रश्न विचारला तो मी ऐकला. आई म्हणाली की लिंदाल्वाला इकडूनच सोयीचं पडतं, तिची सवय आहे. बाबा म्हणाले, दोराचं पुढच्या बैठकीत बघू. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर लिंदाल्वा भाताचं भांडं धरून उभी होती आणि नको, नको अशी मान हलवत होती. बावीस वर्षांचं काम एका प्रश्नापायी जाईल, ही भीती तिच्या डोळ्यांत मला स्वच्छ दिसत होती.

मित्रांनो, मला आरसा नको. पण जे तुम्हाला रोज वर उचलतात, त्यांच्या अंगावर काय झिजलंय, ते पडायच्या आधी बघा. मी खरंच फार घाबरले आहे. आणि तासियाना पुढे जे बोलली, ते ऐकून तर माझी उरलेली प्रत्येक तार थरारली.

ती उठून उभी राहिली.

"आई, बाबा, उद्यापासून लिंदाल्वा पुढच्या लिफ्टने येईल. आणि दोर बदलेपर्यंत मागच्या लिफ्टने मी जाणार-येणार. रोज."