दाराशी कान देऊन

ही गोष्ट सांगणं मी अनेक वर्षं टाळत आलो. आधी वाटलं, पोर वाचली, आता सांगून काय उपयोग. मग वाटलं, इतक्या उशिरा सांगितलं तर लोक विचारतील, एवढे दिवस गप्प का होतात. या दोन बहाण्यांच्या सावलीत माझं म्हातारपण निवांत बसून राहिलं.

अश्विनी, माझी सून, मला आठवते ती उंबऱ्यावर उभी असलेली. मान डावीकडे किंचित कललेली, नजर कुठेच न लागलेली, कणकेनं भरलेली बोटं हवेत तशीच. सावद्याजवळच्या आमच्या घरात मागच्या दारातून केळीच्या बागेचा हिरवट उजेड येतो. त्या उजेडात ती अशी थबकायची की तिच्या बांगड्यांनीही श्वास रोखून धरलाय असं वाटावं.

मला ते थबकणं आवडत नसे. माझी बहीण, पिंपळनेरला दिलेली अक्का, माहेरपणाला आली आणि आमचं शेताच्या वाटणीचं बोलणं निघालं, की ही नेमकी दाराशी. अक्का डोळे बारीक करून म्हणायची, "भाऊ, तुनी सून भितले कान लाईसन उभी ऱ्हास." मी लगेच पावसापाण्याचं बोलायला लागायचो. संशयाला खतपाणी लागत नाही. पाटाच्या पाण्यासारखा तो आपला उतार आपणच शोधतो.

मधल्या खोलीत त्या वेळी माझी नात तनू झोपलेली असायची. तिला दमा होता. दाराशी उभी असलेली आई आणि आत झोपलेली मुलगी, या दोन गोष्टी रोज डोळ्यांसमोर होत्या; पण मी त्या कधी एकीशेजारी एक ठेवून पाहिल्या नाहीत.

तनूचा एक निळा पंप होता, त्याला जोडायचा प्लास्टिकचा नळा आणि तोंडावर बसणारा मास्क. अश्विनी पंप हलवून नळ्याला लावायची, एकदाच दाबायची आणि थांबायची. तनूचा श्वास आत-बाहेर होताना तिचे ओठ हलायचे, कुणी जप करावा तसे. मग पुन्हा पंप हलवायचा, पुन्हा एकदा दाबायचा. त्या संथपणात मला ढोंग दिसे. पंपाची सवय लागते, असं आमच्याकडे सगळेच म्हणत. पोरीला सवय लावायची, आजाराचं निमित्त करायचं आणि नवऱ्याला घेऊन माहेरच्या धुळ्याला बिऱ्हाड थाटायचं, असा तिचा बेत मीच माझ्या मनात, तिच्या वतीनं, आखून ठेवला होता.

थंडीत आमच्याकडे शेतात भरीत होतं. कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजतात; तो धूर ज्याच्या कपड्यांना लागला नाही त्यानं भरीत खाल्लंच नाही, असं आम्ही मानतो. त्या दिवशी सकाळी अश्विनी म्हणाली, "आबा, तनूला धूर सोसत नाही. आम्ही दोघी घरीच थांबू का?"

मी बोलायच्या आत अक्का बोलली, "थांब ना! मंग वांगा कोन ठेची? मी का?"

अश्विनी हसली आणि निमूट पिशवी भरायला लागली. ती पाणी आणायला गेली तेव्हा त्या पिशवीतून पंप मी काढला आणि फडताळात पितळी डब्यामागे ठेवला. एक दिवस पोर पंपाशिवाय राहिली की सगळं सोंग उघडं पडेल, असं मला वाटलं.

दुपारी वारा फिरला. धूर केळीच्या पानांत शिरला आणि तिथेच रेंगाळला. तनू खोकू लागली, मग तिच्या छातीतून बारीक शिट्टी वाजू लागली. अश्विनीनं पिशवी उपडी केली. टॉवेल, बाहुली, पाण्याची बाटली. "मी ठेवला होता. ठेवला होता ना मी?" ती स्वतःलाच विचारत होती. मी समोर उभा होतो. घर हाकेच्या अंतरावर होतं. मी म्हटलं, "सावलीत बसव तिला. होईल शांत."

आणि शिट्टी खरंच थांबली.

"दख, बठ्ठं बरं व्हयनं," अक्का म्हणाली. मीही सुटकेचा निःश्वास टाकला. अश्विनीची मान मात्र कलली. तशीच, दाराशी कलायची तशी. तिनं पोरीच्या छातीला कान लावला आणि तिचा चेहरा चुलीतल्या राखेसारखा झाला. "आबा, आवाजच नाही. हवाच जात नाहीये."

तनूचे डोळे मिटत होते, ओठांवर निळसर झाक होती, गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता. मी त्याला झोप समजलो होतो. पोरीला उचलून ती शेजाऱ्याच्या जीपकडे अनवाणी धावली. दाराशी उभी राहून ती इतकी वर्षं काय ऐकत होती, ते मला तेव्हा कळलं.

सावद्याच्या मुलांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी ऑक्सिजन लावला, त्यातूनच वाफेचं औषध, लगेच स्टिरॉइडचं इंजेक्शन. मी "सलाईन लावा, सलाईन लावा" म्हणून ओरडत होतो. वाफेतलं औषध कोणतं, असं विचारलं तर पंपात होतं तेच! क्षणभर मला वाटलं, ही बाईसुद्धा सुनेला सामील आहे. त्या मान वर न करता म्हणाल्या, "आबा, याचा क्रम ठरलेला असतो. आधी काय, मग काय. त्यात अंदाज चालत नाही."

बऱ्याच वेळानं तनूची छाती पुन्हा शिट्टी वाजवू लागली. मी दचकलो, त्या पहिल्यांदाच हसल्या. "वाजू द्या. हवा जायला लागली. ती एकाएकी बंद पडते ना, तेव्हा घाबरायचं." मग त्यांनी विचारलं, "पंप कुठे होता?"

"मी विसरले," अश्विनी म्हणाली.

मी तिच्या शेजारीच उभा होतो.

तो शब्द तिला चिकटला. अक्कानं तो नातेवाइकांत फिरवला, आणि माझ्या मुलानंही भांडणात एकदा वापरला. पुढे ते धुळ्याला गेले. तिच्या नावावर रचलेला बेत शेवटी मीच पुरा केला. आता उंबऱ्यावर नुसता हिरवट उजेड येऊन उभा राहतो.

गेल्या थंडीत मी सांगायचं ठरवून एसटीनं धुळ्याला गेलो. अश्विनीनं दार उघडलं आणि तिची मान कलली. "आबा, दम लागलाय तुम्हाला. आधी बसा."

"जिना चढलो ना," मी म्हणालो.

तनू, आता आईएवढी उंच, कॉलेजला निघाली होती. तिच्या पिशवीत अश्विनीनं एक पंप ठेवला, मग आणखी एक. मी पाहतोय हे तिच्या लक्षात आलं. "दोन ठेवते आता. एकदा विसरले होते ना."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि सांगितलं, की बागेतली केळी आणलीत, अजून कच्ची आहेत, दोन दिवसांनी खा.

पूर्वी एक वाक्य माझ्या छातीत दिवसरात्र शिट्टीसारखं वाजायचं. अलीकडे ते वाजत नाही, आणि लोक म्हणतात, म्हातारा शांत झाला. काळ माणसाला बरं करतो की नुसता त्याचा आवाज बंद करतो, हे ओळखणारा कान आता या घरात नाही. आणि वाक्य तर एवढंसंच होतं: अश्विनी, तू विसरली नव्हतीस.