गाळलेले थांबे

कचेरीत कुणाचा निरोपसमारंभ असला की दोन माणसांची पंचाईत होते. एक, ज्याला निरोप द्यायचा तो. आणि दुसरी, जिला पथ्य आहे ती. पहिल्याला निदान भाषण तरी करायला मिळतं. दुसरीला नुसतं हसत उभं राहावं लागतं.

बस डेपोच्या लांबट खोलीत त्या दुपारी मोठे क्लार्क निवृत्त होत होते. चार टेबलं जोडून वर पांढरा कागद अंथरला होता. त्यावर क्रीमचा केक, तळणाची दोन ताटं, बिस्किटं आणि आइस्क्रीमचा डबा. खिडकीजवळ कंट्रोलरबाई हात मागे बांधून उभ्या होत्या. कोणती बस किती वाजता सुटली, कुठे रखडली, कुणी वेळ मारून नेली, हे सगळं टिपणं हे त्यांचं काम. एकोणीस वर्षांत त्यांच्या नजरेतून एक मिनिट निसटलं नव्हतं. ड्रायव्हर लोक त्यांना समोर ‘बाई’ म्हणत. पाठीमागे काय म्हणत ते इथे लिहिण्याजोगं नाही.

गेले तीन महिने बाई वजन उतरवत होत्या. हौस म्हणून नव्हे. त्यांच्या धाकट्या भावाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा तो चार-चार तास यंत्राला जोडून घेत असे. बाईंचं मूत्रपिंड त्याला जुळत होतं. डॉक्टरीणबाईंनी एकच अट घातली होती: आधी सात किलो उतरवा, मग शेवटची तपासणी, मग शस्त्रक्रियेची तारीख. पावणेसहा किलो उतरले होते. तपासणीला नऊ दिवस राहिले होते.

हे सगळ्या डेपोला ठाऊक होतं. म्हणूनच पुढचं सांगताना थोडी लाज वाटते.

“बाई, एवढासा तुकडा! अहो, मी काय पुन्हा निवृत्त होणार आहे?” मोठे क्लार्क स्वतः बशी घेऊन आले.

“नको हो. पथ्य आहे.”

“एका दिवसानं काय होतंय?” मागून तिकीट विभागातली बाई म्हणाली. “आधीच वाळून काडी झाल्यात!”

“नाही घेतलात तर मी समजेन, मी चाललो म्हणून तुम्हाला आनंद झालाय.”

आता यावर काय बोलणार? बाईंनी तुकडा घेतला. तो एकच तुकडा असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण तो गिळताना बाईंच्या मनात एक वाक्य आलं: ‘आता बिघडलंच आहे!’ वाचकहो, या वाक्यापासून जपा. घसरलेल्या माणसाला ते हात देत नाही, मागून ढकलतं. बाईंनी केकचे आणखी दोन तुकडे घेतले, तळणाची बशी रिकामी केली, आइस्क्रीम दोनदा घेतलं आणि घरी जाऊन बिस्किटांचा पुडा उभ्याउभ्याच संपवला. पहिला तुकडा आग्रहाचा होता. बाकीचं सगळं त्या वाक्याचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वजनकाट्यानं सव्वा किलो जास्त दाखवलं. भावाचा पिवळट चेहरा डोळ्यांपुढे आला आणि त्यांनी मनाशी ठरवलं, हे सगळं भरून काढायचं. सकाळची न्याहारी बंद. दुपारचं जेवण बंद. आणि पाण्यालाही वजन असतंच की! म्हणून पाणीसुद्धा घोटघोट.

दुपारी भावाचा फोन आला.

“ताई, काटा काय म्हणतो?”

“उतरतोय रे. ठरल्याप्रमाणे.”

एकोणीस वर्षांत बाईंनी वहीत कधी खोटी वेळ लिहिली नव्हती. हे मात्र किती सहज तोंडातून गेलं!

आणि कालचे आग्रहवाले? त्यांनी बाईंचं रिकामं टेबल पाहिलं आणि माना डोलावल्या. “वा! याला म्हणतात निग्रह. कालचं सगळं आज वसूल!” काल खायला लावणारे आणि आज उपाशी राहिल्याबद्दल शाबासकी देणारे तेच. दोन्ही वेळा त्यांचं काहीच जात नव्हतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भुकेनं बाईंवर सूड उगवला. घरात त्या एकट्याच, विचारणारं कुणी नाही. भाताचं पातेलं त्यांनी ओट्याशी उभं राहूनच खरवडलं. मग रडू आलं. मग चौथ्या दिवशी आणखी कडक उपास; पाचव्या संध्याकाळी पुन्हा पातेलं. असा आठवडा गेला. काटा एक दिवस खाली, एक दिवस वर. बाईंचे ओठ सुकले, जिने चढताना पाय कापायला लागले. पण कामात चूक नाही.

नवव्या दिवशी दुपारी फोनवर एक तक्रार आली. काठी टेकत चालणाऱ्या एक आजी थांब्यावर हात दाखवत राहिल्या आणि बस न थांबता निघून गेली. पुढची बस पन्नास मिनिटांनी. फेरी संपवून नवा ड्रायव्हर सही करायला आला, तशी बाईंनी त्याला धरला.

“तीन थांबे गाळलेत तुम्ही.”

“बाई, पुलाजवळ बारा मिनिटं अडकलो होतो. भरून काढायला नको?”

“कशातून भरून काढायची? लोकांच्या जिवावर?” बाईंचा आवाज चढला. “उशीर झाला तर झाला. तो कागदावर लिहायचा आणि पुढचा थांबा आला की नेहमीसारखं थांबायचं. थांबे गाळून कुणी वेळेवर येत नसतं! तुम्ही वेळेवर पोचलात, पण तिथे उभ्या असलेल्या माणसांचं काय? ती—”

वाक्य तिथेच तुटलं. बाईंनी टेबल धरलं. खोली एका बाजूला कलंडल्यासारखी झाली आणि त्या खुर्चीत बसल्या, म्हणजे जवळजवळ पडल्याच.

सहीसाठी मागे उभे असलेले मामा पुढे झाले. मामा म्हणजे डेपोतले सगळ्यांत जुने ड्रायव्हर. कुणाचेच सख्खे मामा नव्हते, म्हणून सगळ्यांचेच झाले होते. त्यांनी नव्या ड्रायव्हरला बाहेर पाठवलं, पेला भरून बाईंच्या हातात दिला आणि समोर स्टूल ओढून बसले.

“बाई, आज काय खाल्लंत?”

“सकाळी चहा झाला.”

“मी ‘खाल्लंत काय’ असं विचारलं. काल?”

बाईंनी उगाच वही पुढे ओढली. मामांनी तीस वर्षं आरशात पाहून मागच्या प्रवाशांचे चेहरे वाचले होते. त्यांना आणखी विचारावं लागलं नाही.

“केकच्या दिवसापासूनच ना हे?”

“भरून काढायला नको, मामा?” बाईंच्या तोंडून शब्द गेले, आणि ते कुणाचे शब्द होते हे त्यांनाच ऐकू आलं. त्यांनी मान खाली घातली.

मामा हसले नाहीत. “आत्ता त्या पोराला काय सांगत होतात? दुसऱ्याला बरोबर सांगणारी माणसंच स्वतःवर वेळ आली की तीन-तीन थांबे गाळतात.”

“त्याची गोष्ट वेगळी. त्याची बारा मिनिटं होती. माझ्यावर माझ्या भावाचा जीव अवलंबून आहे. त्या दिवशी मी त्याला विसरले, मामा. आइस्क्रीम खाताना मला तो आठवलासुद्धा नाही. मला शिक्षा नको?”

“शिक्षा कुणाला होतेय ते तर बघा.” मामांनी आवाज खाली आणला. “माझी गोष्ट कुणाला सांगितलेली नाही, तुम्हाला सांगतो. सहा वर्षांपूर्वी डेपोच्या मेडिकल तपासणीत साखर निघाली. पथ्य लागलं. एकदा मुलीकडे गेलो आणि ओ येईपर्यंत जेवलो. मग दोन दिवस कडकडीत उपास. तिसऱ्या दिवशी वळणावर डोळ्यांपुढे अंधारी आली. गाडी डेपोत चालली होती, रिकामी. म्हणून तुमच्यापुढे बसलोय. भरलेली असती तर?”

बाईंनी पेला तोंडाला लावला.

“त्या आजींसाठी तुमचा जीव तुटला. का? तर त्या थांब्यावर उभ्या होत्या आणि बस थांबली नाही. मग बाई, जे मूत्रपिंड तुम्ही भावाला देणार आहात, ते आठ दिवस तुमच्याच पोटात पाण्यासाठी हात दाखवत उभं आहे. तुम्ही रोज त्याच्यासमोरून निघून जाताय!”

अरे देवा! आपण हे काय केलं? जे भावासाठी जपायचं, त्यालाच आठ दिवस तहानलेलं ठेवलं!

मामांनी आपला डबा उघडला. भात, भाजी, एक उकडलेलं अंडं. “अर्धं तुमचं. लाजू नका. बायकोच्या हाताला चव बेताची आहे, पथ्याला अगदी उत्तम.”

आठ दिवसांत पहिल्यांदा बाई खुर्चीवर बसून, चावून, ठरल्या वेळेला जेवल्या.

दुसऱ्या दिवशी तपासणी होती. बाईंनी डॉक्टरीणबाईंना केकपासून पातेल्यापर्यंत सगळं सांगितलं. रक्त घेतलं गेलं, दोन तासांनी आकडे आले, आणि डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून ठेवला.

“केकचा प्रश्नच नव्हता. त्या दिवशी काट्यावर चढलं ते बरंचसं मीठ आणि पाणी होतं. नेहमीसारखं जेवत राहिला असतात, तर चार दिवसांत आपोआप उतरलं असतं. रक्तातला हा मूत्रपिंडाचा आकडा वाढलाय तो तहानेनं. घाबरू नका, खाली येईल. पण आज यावर मी सही करू शकत नाही. तीन आठवड्यांनी या.”

तीन आठवडे. बाई तिथून थेट भावाकडे गेल्या. पलंगावर पाठीला उशी लावून तो बसला होता. भावजय ताटं मांडत होती. बाईंनी उभ्यानेच सांगितलं. काही झाकलं नाही, काही सावरून घेतलं नाही.

भावानं आपल्या दंडावरच्या सुयांच्या खुणांवरून बोट फिरवलं. “तीन आठवडे म्हणजे आणखी नऊ वेळा,” तो म्हणाला.

“हो.”

“खाल्लंस त्याचं काही नाही, ताई. फोनवर खोटं का बोललीस?”

“तुला वाटलं असतं, हिला एवढंही जमत नाही.”

भाऊ भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “मला दिवसाला मोजून पाणी आहे. गेल्या सोमवारी मी अख्खा तांब्या प्यालो. न्हाणीघरात, दार लावून. मग दोन दिवस थेंब घेतला नाही. यंत्रावर पाय असे वळले, की ओरडलो.”

भावजयीच्या हातातला चमचा ताटात पडला. “दोन्ही भावंडं एका माळेचे मणी! एक खाऊन लपवतं, एक पिऊन. आणि मी वेडी दोघांचं कौतुक करत फिरते!” ती हसायला गेली, पण डोळे भरले.

बाई बाजूला बसल्या. मन अजून जुन्याच रस्त्यावर धावत होतं. “मी आता एकही चूक करणार नाही बघ. आजपासून दुपारचं जेवणच बंद. तीन आठवड्यांत असं काही—”

“ताई!” भावानं ताट ओढून बहिणीपुढे ठेवलं. त्याचा हात बारीक झाला होता, पण पकड घट्ट होती. “मला उपाशी माणसाचं काही नको. मला जेवलेली बहीण पाहिजे. आत्ता, माझ्यासमोर जेव.”

बाईंना हुंदका आवरेना. ताटात पथ्यात बसेल तेवढंच होतं: जास्त नाही, कमीही नाही. त्यांनी पहिला घास घेतला. भावानं आपल्या मापाच्या पेल्यातून एक घोट घेतला. भावजय दोघांवर पहारा दिल्यासारखी समोर बसून राहिली.

तीन आठवड्यांनी आकडा जागेवर आला होता आणि वजनही. डॉक्टरीणबाईंनी सही केली. पण त्या तीन आठवड्यांतल्या नऊ खेपा भावानं सोसल्या, त्या कुणालाही पुसता येणार नाहीत.

म्हणून वाचकहो, दोन गोष्टी. ज्यांना पथ्य नाही त्यांनी ‘एका दिवसानं काय होतंय’ हे वाक्य गिळायला शिकावं. दुसऱ्याच्या ताटात आपलं प्रेम वाढण्याआधी विचारावं, आणि ‘नको’ हे उत्तर एकदाच ऐकून मानावं. आणि ज्यांना पथ्य आहे, त्यांचा पाय घसरणारच, कारण माणसाचाच पाय आहे तो. घसरलात तर आपल्या माणसाला त्याच दिवशी सांगा. चूक एका जेवणाची असते. तिची शिक्षा पुढच्या दहा जेवणांना देऊ नका. सोमवारची वाट बघू नका, उपासाची शपथ घेऊ नका. पुढच्या जेवणाची वेळ झाली की हातपाय धुऊन ताटावर बसा आणि जेवढं ठरलंय तेवढं जेवा. वाटेवर परत यायला याहून लांबचा रस्ता लागत नाही, आणि याहून जवळचा रस्ता असत नाही.