निळे दोरे

"गिऱ्हाईक आधी आपले कपडे बघतं, मग माल," हे शिंपीमास्तरांनी मुलाकडून लहानपणापासून घोकून घेतलं होतं. आज त्याच्या नव्या दुकानात पहिला बडा व्यापारी येणार होता. मास्तरांनी मुलासाठी निळा कोट शिवला. शेवटचं बटण लावेपर्यंत व्यापारी दारात हजर! स्वतःचे कपडे बदलायचं राहूनच गेलं.

"वा! कोट कसा अंगावर ओतल्यासारखा बसलाय!" व्यापारी म्हणाला. मास्तरांना राहवलं नाही. गळ्यातल्या टेपसकट ते पुढे झाले. व्यापाऱ्याची नजर त्यांच्या चुरगळलेल्या पँटवर अडकली.

"हे कोण?"

पठ्ठ्या जराही अडखळला नाही. "आमचे जुने कारागीर."

"नमस्कार, साहेब," म्हणून मास्तर गुपचूप आत गेले.

सौदा झाला. मुलगा धावतच आत आला, तेव्हा मास्तर पँटला चिकटलेले दोरे एकेक करून वेचत होते. सगळे निळे.

"बाबा, जमलं! चला, जेवायला जाऊ."

"तुम्ही व्हा पुढे, साहेब," मास्तर म्हणाले. टोमणा मारायचा नव्हता त्यांना. 'बाळा' म्हणायला जीभच रेटेना.