ठेक्याचा घास

"माळ गळ्यात अन् जहर हातात! लाज वाटंना व्हय तुमाला?"

पंचफुलाकाकू भाकर थापता थापता कडाडली. मी त्यांच्या ओसरीवर टाळाची दोरी बदलून घ्यायला गेलो होतो. सप्ताह आठ दिवसांवर आलेला, अन् टाळाची गाठ मारावी तर पुंजाजीकाकांनीच. काकांनी दोरी दातात धरली होती, ती सोडली.

"मंग काय करू? बारा सऱ्या भुईमूग उकरला डुकरायनं. फटाके फोडले, आरडून गळा बसला. तुह्या भावानं गोरेगावहून जुन्या साड्या आणल्या, त्या बी कुपाला बांधल्या. आता काय डुकरायनं त्या नेसून फुगडी खेळायची राह्यली!"

मला हसू आलं. काकूला आलं नाही.

"अन् ठेक्यानं तोंड घातलं म्हंजी?"

"बांधून ठुवतो त्याला. अन् तो दगडावरल्याबिगर काई खात न्हाई, म्हाईत हाय ना तुला?"

उंबऱ्यापाशी ठेक्या पडला होता. आपलं नाव ऐकून त्यानं शेपटी जमिनीवर आपटली. दोनदा.

चार वर्षांमागं सप्ताहातच हे कुत्रं आलं. अंगभर खरूज, एक कान फाटलेला. लोकांनी हाडहाड केलं तरी हलेना. मृदंगाच्या शेजारी बसलं अन् गजर रंगला तशी शेपटी आपटायला लागलं. ठेका काही चुकेना! बाया पदर तोंडाला लावून हसल्या. कुणीतरी काठी उचलली, तर काका म्हणाले, "ऐकू द्या की. त्याला काय कान न्हाईत?"

सप्ताह उठला, मांडव सुटला, अन् कुत्रं काकांच्या मागं घरी आलं. काकूनं कडुलिंबाचा पाला उकळून महिनाभर त्याला धुतलं. दोघी लेकी नांदायला गेल्यापासून त्या घरात बोलणं कमी झालं होतं. ठेक्या आला अन् दोघंबी त्याच्याशी बोलायला लागले, त्याच्यामार्फत एकमेकांशीबी. "ठेक्या, सांग तुह्या मालकाला, पाणी तापलं." "ठेक्या, म्हण तिला, आलो."

काकांचा एक नेम होता. पहिला घास मुक्या जिवाचा, हे महाराजांनी कीर्तनात सांगितलेलं त्यांनी काळजात बांधून घेतलं होतं. रानात आंब्याखाली एक काळा दगड होता, मधी ओंजळीएवढा खळगा पडलेला. भाकर सोडली की पहिला चतकोर काका त्या खळग्यात ठेवत, वरून डाळीचं पाणी, मग म्हणत, "घे बाबा, नावाचा घास हाय." मग ठेक्या खाई. लग्नाच्या पंगतीत जिलबी समोर टाकली तरी हुंगत नसे. "माळकरी हाय आमचा," काका ऐटीत सांगत.

त्या दिवशी सांजच्याला काकांनी डुकरांसाठी औषधाचे बारा गोळे केले. घरात जहर नको, म्हणून पीठ अन् औषध रानात नेलं अन् तिथंच मळलं. कशावर मळलं असंल? त्या दगडावर. मळायला खळगा बराबर होता. वरून दोन तांबे पाणी ओतलं, हात राखेनं घासले, गोळे बांधावर ठेवले अन् देवाची माफी मागून घरी आले. ठेक्याला शेळीच्या खुंट्याला बांधलं.

सकाळी जाऊन पाहतात, तर बाराच्या बारा गोळे जिथल्या तिथं. डुकरं फिरकलीच नव्हती. "बरं झालं," काका मला म्हणाले, "पांडुरंगानं पाप टाळलं, पोरा. आता न्हाई करणार असलं." खड्डा खोदून सगळे गोळे पुरले. मग घरी जाऊन ठेक्याला सोडून आणलं.

माझं रान त्यांच्या शेजारीच, धुऱ्याला धुरा लागून. दुपारी भाकर घेऊन मी त्यांच्या आंब्याखाली गेलो. चैताचं ऊन, पाचोळ्यावर पाय टाकला तर चुरचुर वाजे. काकांनी भाकर सोडली, पहिला चतकोर खळग्यात ठेवला, वर डाळीचं पाणी.

"घे बाबा, नावाचा घास हाय."

ठेक्यानं हुंगलं अन् मागं सरला. काकांकडं पाहिलं.

"काहून रे? घे."

ठेक्या पुन्हा पुढं आला, पुन्हा मागं. कुईं केलं.

"रात्री बांधला म्हणून रुसून राह्यला का?" काकांचा आवाज चढला. "आरं, नावाचा घास टाकत असत्यात व्हय? चार वर्सं कीर्तन ऐकलं, ते वाया गेलं का? खा!"

ठेक्यानं शेपटी पोटाशी घेतली. खळग्यात तोंड घातलं अन् सगळं चाटून पुसून खाल्लं. मालकाचं मन मोडलं नाही.

माझी अर्धी भाकर झाली नसंल, तोच त्याच्या तोंडाला फेस आला. पाय लटलटले. काकांनी एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा दगडाकडं. मग असा आवाज काढला की शेजारच्या रानातली माणसं उठून उभी राहिली.

मी फटफटी काढली. काका मागं बसले, मांडीवर ठेक्या, धोतराच्या सोग्यात गुंडाळलेला. औंढ्याला जनावरांचा डॉक्टर होता. वाटंनं काका एकच बोलत होते, "ओक रे लेकरा, ओकून टाक. म्या म्हणलो म्हणून खाल्लं का रे? ओक." नागनाथाचं शिखर दिसलं तेव्हा ते बोलायचे थांबले. मी गाडी हळू केली.

"फिरव," काका म्हणाले.

आंब्याखालीच पुरलं. दगड काकांनी एकट्यानं लोटत आणला अन् वर पालथा घातला, खळगा मातीकडं. काकूचं सगळं आदल्या दिवशीच बोलून झालं होतं.

सप्ताह बसला. काका सातही दिवस टाळ घेऊन उभे राहिले, पण तोंडातून चरण निघाला नाही. मृदंगाशेजारी वीतभर जागा रिकामी होती. कुणी बसलं नाही तिथं, कुणी सांगितलंबी नव्हतं. काल्याच्या दिवशी मी त्यांना म्हणालो, "काका, तुमी काय जाणून केलं का?"

"जाणून त्यानं केलं, पोरा," ते म्हणाले. "त्याला वास आला होता."

आता पाऊस पडून गेला, नवा पेरा वर आला. परवा त्यांच्या रानात गेलो, तर दोघं जेवायला बसलेले. काकूची भाकर संपत आली होती. काकांनी पहिला चतकोर मोडलेला, पण तो हातातच. डाळीचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलेलं.

"ठुवा की आता तो खाली," काकू हळूच म्हणाली.

काकांनी पालथ्या दगडाकडं पाहिलं. मग तिच्याकडं.

"कुठं ठुवू?"