रागावण्याचा सीन

“कट!” तोफ किंचाळली. “काका, तुम्ही परत हसलात.”

दोन हातांत दोन कप घेऊन सोफेवाला घरातून खाली दुकानात उतरणाऱ्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबला. कपांत दुधाची कॉफी होती आणि आता तिच्यावर साय धरली होती.

“मी कुठे हसलो?”

“हसलात. मोबाईलमध्ये दिसतंय ना. रागावलेली आई अशी येते होय? तुम्ही पाहुण्यांना कॉफी द्यायला आल्यासारखे येताय.”

“माझा चेहराच तसा आहे, बाई.”

“मग चेहरा बदला,” तोफ म्हणाली आणि उशांच्या ढिगावर टेकवलेला त्याचाच मोबाईल पुन्हा सरळ करू लागली.

तोफ समोरच्या घरात राहायची. वय अकरा, आवाज चाळिशीतला. शाळेचा हजेरीपट सोडला तर तिचं खरं नाव कोणी वापरत नसे. सोफेवाल्याची मुलगी बटण तिच्याच वयाची. रांगती असताना तिने खाली दुकानात येऊन सोफ्याचं एक बटण गिळलं होतं, तेव्हापासून तिला ते नाव चिकटलं. पहिलीपासून दोघी एका बाकावर बसत होत्या.

आणि पहिलीपासूनच दोघींना एका जातीच्या सिनेमांचं वेड होतं. सोफेवाल्याला ते सगळे पाठ झाले होते. दोन मैत्रिणी असतात. एकीकडे कुत्रा असतो. मग शाळेत तिसरी कोणीतरी येते, केस फार छान असलेली, आणि मैत्रीत मिठाचा खडा पडतो. घरी आई रागावते, पोरगी धाडकन दार आपटते, झाडावर एक लाकडी घर असतं तिथे जाऊन रडते. शेवटी दोघी सायकलवर. ते सहकुटुंब बघायचे सिनेमे असायचे, म्हणून सहकुटुंब बघावे लागायचे. बायको होती तोवर त्यातही मजा होती, कारण ती पडद्यावरच्या आईशी भांडायची. “अगं, समजावत काय बसलीस? दोन धपाटे घाल तिला!” आणि त्याच दमात स्वतःच्या पोरीकडे वळायची. “तू काय दात काढतेस? दप्तर उचल आधी तिथलं.”

तिला जाऊन आता वर्ष होत आलं होतं. सहकुटुंब म्हणजे तो, बटण आणि तोफ.

आता या दोघींनी स्वतःच सिनेमा काढायला घेतला होता. झाड नव्हतं, कुत्रा नव्हता, सायकल पंक्चर होती. आई नव्हती.

“आईचं काम बाबाच करतात असं दाखवू,” तोफ म्हणाली होती. “हल्ली असतं तसं.”

बटणने बापाकडे पाहिलं होतं, आणि बाप ‘हो’ म्हणून बसला होता. वर्षभर तो सगळ्यालाच ‘हो’ म्हणत आला होता.

“बाबा, सोपं आहे रे,” बटण आता सोफ्यावरून म्हणाली. “तू कप घेऊन खाली येतोस. इथला पसारा बघतोस. मग मला ओरडतोस. मी चिडून वर जाते आणि दार आपटते. मग मी घर सोडून हिच्याकडे जाते.”

“ओरडलो की मी मगाशी.”

“तू म्हणालास, ‘बाळा, हे आवरायला हवं हं.’”

“मग? तेच तर म्हणायचं होतं ना?”

“काका,” तोफेने कपाळाला हात लावला, “तुम्ही असे बोललात तर ती घर सोडून जाईल कशाला? उलट आवरायला बसेल. मग सिनेमा पुढे कसा सरकणार?”

ते खरं होतं. सोफेवाल्याला खरं तर दोघींचाही वैताग आला होता. दुपारपासून त्याचं काम खोळंबलं होतं. ज्या सोफ्यावर बटण बसली होती तो दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातला होता. तिथे वाट बघत बसलेल्या पेशंटांनी भीतीने ओरबाडून त्याच्या हातांची सालं काढली होती. नवा फोम, नवं राखी-निळं कापड, कडेने पायपिंगचा गोट. सगळं झालं होतं, पाठीमागची एक बाजू तेवढी स्टेपलरने बंद करायची राहिली होती. उद्या सकाळी बाईंचा माणूस टेम्पो घेऊन येणार होता. या सोफ्यावर बसू नका असं त्याने सांगायला हवं होतं. त्याने सांगितलं होतं, “जरा जपून बसा हं.”

जेवताना बटणनेच विचारलं होतं, “या कापडावर पाणी सांडलं तर डाग पडतो?”

“पाणी वाळतं. चहा-कॉफी सांडली तर मात्र मी मेलो.”

मेलो म्हटल्यावर त्याने जीभ चावली होती. ती मान खाली घालून जेवत राहिली.

समोरच्या खिडकीतून आवाज आला, “ए तोफे! दूध उघडं कोणी ठेवलं? मांजराला वाढलंस का सगळं?”

“झाकते गं आई!” तोफ ओरडली, पण जागची हलली नाही.

“झाकते काय, गेलं ते! घरी ये, बघते तुझ्याकडे!”

बटण खुदकन हसली. “काकूंनी काल मलाही झापलं,” ती म्हणाली. बक्षीस मिळाल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. “चप्पल मध्येच काढली म्हणून. म्हणाल्या, डोळे काय कपाटात ठेवून आलीस का?”

सोफेवाल्याला वाईट वाटलं. “असं बोलल्या? मी सांगतो त्यांना. आईविना पोरीला कशाला…”

“नको!” बटण एकदम म्हणाली. “तू काही बोलू नकोस त्यांना. प्लीज.”

ती हल्ली दिवसदिवस समोरच असायची. त्याला ते समजत होतं. त्या घरात माणसं होती, आवाज होता. इथे तो होता. तो तिला कधी मोठ्याने बोलला नव्हता. आत्या, शेजारीपाजारी, शाळेतल्या बाई, सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलायचे आणि मागे वळून म्हणायचे, किती समजूतदार आहे हो पोरगी. खरंच होती. स्वतःचं ताट घासून ठेवायची. डबा परत आणायची. पण सगळी दारं ती अलगद लावायची, परक्याच्या घरी उतरल्यासारखी.

बटणच्या मावशीचे फोन आठवडाभर चालू होते. परीक्षा झाली की हिला माझ्याकडे पाठव. पोरगी वयात यायला आली, तुला त्यातलं काय कळणार? मायेनेच म्हणत होती, म्हणून जास्त अवघड होतं. आज संध्याकाळी मावशीला काय ते सांगायचं होतं. परवा त्याने पोरीला विचारून पाहिलं होतं, “तुझ्या मनात असेल तर जा हो. माझी काळजी करू नकोस.”

“तू म्हणशील तसं, बाबा,” ती म्हणाली होती. आणि खोलीचं दार अलगद लावून घेतलं होतं.

तिने ‘नाही’ म्हणावं म्हणून त्याचा जीव टांगणीला लागला होता. पण ते तिला सांगणं म्हणजे तिला अडवणं, आणि पोरीच्या वाटेत आडवं यायचं नाही असं त्याने ठरवून टाकलं होतं.

“चला, परत,” तोफ म्हणाली. “काका, ह्या वेळेला काहीतरी वाईट आठवा.”

“आठवू नकोस,” बटण पटकन म्हणाली. मग ती उठली. “तू बस जरा बाबा. कप मी भरून आणते. थंड झालीय ती.”

“राहू दे, मी आणतो.”

“तू दमलायस.”

बघा, समजूतदार. ती कप घेऊन वर गेली. तो स्टुलावर बसला आणि पाठीमागच्या कापडाची घडी बोटांनी उगाच दाबत राहिला. वर नळ वाहिल्याचा आवाज आला. भरलेले कप जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवून ती खाली आली आणि तोफेच्या कानात काहीतरी बोलली. तोफेने भुवया वर केल्या आणि मान हलवली.

“ॲक्शन!”

ह्या वेळी तो वरच्या पायरीवरचे कप उचलून खाली आला, कपाळाला आठ्या घालून, कपांत न बघता नजर थेट पसाऱ्यावर लावून. दुकानभर त्यांनीच पसरलेला पसारा होता: कापडाचे तुकडे, फोमचा चुरा, वह्या, बुटांच्या नाड्या. एक कप बटणनेच त्याच्या हातातून घेतला, दुसरा त्याने स्टुलावर ठेवला.

“हे काय आहे सगळं?” तो म्हणाला. आवाज त्याच्या मते बराच कडक होता.

“काही नाही,” बटण म्हणाली. संवाद असा नव्हता.

“आवरायला हवं हे.”

“नाही आवरणार.”

“बरं, मग… थोड्या वेळाने आवर.”

बटणने त्याच्याकडे पाहिलं. नजर न हलवता ती बुटांसकट सोफ्यावर उभी राहिली. राखी-निळ्या कापडावर, नव्या फोमवर, पाय रोवून.

“बटण, खाली उतर.”

ती उतरली नाही. तिने एक उडी मारली. फोम दबला आणि उसळला.

“बाळा, उद्या न्यायला येणार आहेत तो…”

तिने कप तिरका केला. सगळा. कापडावर मोठा काळपट ओला डाग पसरत गेला, पायपिंगपर्यंत पोचला आणि तिथून खाली ठिबकू लागला.

सोफेवाल्याला पुढे काय झालं ते नीट कळलंच नाही. आवाज आला तो आपला आहे हेही क्षणभर त्याला समजलं नाही.

“डोकं फिरलंय का तुझं? उतर! उतर आधी खाली! आठवडा घालवलाय मी त्याच्यावर, आठवडा! बूट घालून नाचतेस? लाज वाटते का काही? दुपारपासून बघतोय, डोक्यावर मिरे वाटताय दोघी माझ्या! कप काय, कापड काय, कशाची म्हणून पर्वा नाही! आणि वर तोंड करून बघते आहे! हा पसारा आत्ताच्या आत्ता आवरायचा. सगळा. तूच. आणि मावशीकडे जायचं नावसुद्धा काढायचं नाही! घाण करायची इथे आणि जायचं तिकडे? काही जायचं नाही! इथेच राहायचं आणि इथलं इथेच निस्तरायचं, कळलं?”

बटणचे डोळे भरले, पण तिने ते पुसले नाहीत.

“नाही आवरणार!” ती ओरडली. “कधीच नाही आवरणार! तू खूप दुष्ट आहेस!”

ती सोफ्यावरून उडी मारून जिन्याकडे धावली, पायऱ्या दणदणवत वर गेली आणि दार आपटलं. जोरात. भिंतीवरच्या फळीवर खिळ्यांचा डबा खळखळला.

तोफ तोंड उघडं ठेवून उभी होती.

“काका,” ती हळू म्हणाली, तिच्या हळू आवाजात, म्हणजे इतरांच्या साध्या आवाजात, “हे असं ठरलं नव्हतं.”

“मग बंद कर ते.”

“बटण म्हणालीय, काहीही झालं तरी कट म्हणायचं नाही.”

सोफेवाल्याने फळीवरून पांढरं स्वच्छ फडकं ओढलं आणि सोफ्यापाशी गुडघे टेकले. डाग घासायचा नसतो, नुसता टिपायचा असतो. घासला की आत जातो. त्याने फडकं डागावर दाबून धरलं. मनात डॉक्टरीणबाईंना काय सांगायचं याची जुळवाजुळव चालली होती. कापड पुन्हा आणायचं तर बाजारातलं दुकान उद्या दहाशिवाय उघडणार नाही. त्याने फडकं उचललं.

ते ओलं होतं. आणि पांढरंच होतं.

त्याने दुसऱ्या जागी दाबलं. पांढरंच. नाकाशी नेलं, वास कसलाच नव्हता. सोफ्याच्या फटीत कलंडलेला कप त्याने उचलला. तळाशी चमचाभर स्वच्छ पाणी होतं. स्टुलावरच्या दुसऱ्या कपात मात्र कॉफी होती, गरम, वर साय न धरलेली.

त्याने फडक्याची घडी केली, ओली बाजू आत घालून, आणि खिशात ठेवली.

“गेला का डाग?” तोफेने विचारलं.

तो उत्तर देणार तेवढ्यात मोबाईल वाजू लागला.

“अरे यार! शूटिंग तुटलं!” तोफ म्हणाली आणि मोबाईल त्याच्यापुढे धरला. मावशीचा फोन होता.

त्याने तो घेतला. पलीकडून नेहमीसारखा मऊ आवाज आला, काय ठरलं मग, काही घाई नाही, सावकाश सांग.

“ताई, आत्ता नाही जमायचं बोलायला,” तो म्हणाला. “पोरीला ओरडतोय.”

पलीकडे काही विचारणं झालं. त्याने ते ऐकून न घेता मोबाईल तोफेच्या हातात दिला, जिन्याच्या तळाशी गेला आणि मान वर केली. घसा खाकरला.

“आणि ऐक! डाग निघाला नाही ना, तर उद्या डॉक्टरीणबाईंना तूच सांगायचं! माझ्यामागे लपायचं नाही!”

वरचं दार उघडलं.

“सांगेन!” बटण ओरडली. “मला काय भीती आहे?”

आणि तिने दार पुन्हा आपटलं, असं की ह्या वेळी डबा फळीवरून खाली आला आणि खिळे दुकानभर पसरले. सोफेवाला वाकून ते गोळा करू लागला.