न थांबलेली पेशी

मी एक पेशी बोलतेय. कर्करोगाची. दचकू नका, मी तुमच्या अंगात नाही. निदान अजून तरी तसं कुणी सांगितलेलं नाही.

माझा जन्म पद्मजाच्या उजव्या फुफ्फुसात झाला. पद्मजा मूळची नागपूरची, अमेरिकेत वेस्ट विंडसरला शाळेत गणित शिकवायची. एकोणपन्नास वर्षांची. सिगारेटला तिने कधी हात लावला नव्हता. स्वतःची नक्कल करताना माझ्या पूर्वज पेशींच्या हातून चुका होत गेल्या, त्या साठल्या आणि मी झाले. पद्मजाचा काही दोष नव्हता. माणसांना हे पटत नाही. त्यांना दोष लागतोच.

माझ्या शेजारणी सरळमार्गी होत्या. पद्मजाच्या श्वासासाठी राबायच्या. दुसरीला टेकल्या की वाढ थांबवायच्या. आत काही बिघडलं आणि दुरुस्त होईना, तर स्वतःला संपवायच्या. माझी सख्खी शेजारीण तशीच गेली. आकसली, तिचे तुकडे झाले, कुणाला त्रास झाला नाही. तिची जागा मी घेतली. वाईट वाटलं का? नाही. ‘पुरे’ हा निरोप मला ऐकूच येत नव्हता.

काम मी काहीच करत नव्हते. एकीच्या दोघी झालो, दोघींच्या चौघी. रक्तवाहिन्यांना फूस लावून आमच्याकडे वळवलं. पहारा देणाऱ्या पांढऱ्या पेशी आल्या, तेव्हा त्यांना घरच्याच असल्याची खूण दाखवली. त्या परत गेल्या.

एप्रिलमध्ये पद्मजाला खोकला सुरू झाला.

“पोलन आहे गं, हवेत परागकण उडतायत,” तिचा नवरा नरेंद्र म्हणाला. “ॲलर्जीची गोळी घे.”

तिने घेतली. ऑगस्टमध्ये खोकल्यातून रक्त पडलं. तोवर माझ्या बहिणी हाडांत आणि यकृतात पोचल्या होत्या. फुफ्फुसातली चांगली पेशी आपल्या जागेवरून सुटली की मरते. आम्ही जाऊ तिथे बिऱ्हाड थाटतो.

रिपोर्ट घेऊन दोघं पार्किंग लॉटमध्ये आले, तेव्हा नरेंद्र तिच्यावरच ओरडला, “आधी का नाही बोललीस तू?”

“बोलले होते,” ती म्हणाली. “एप्रिलमध्ये.”



मग कर्करोगावरची रोजची एक गोळी सुरू झाली. माझ्या लाखो बहिणी मेल्या. पद्मजा पुन्हा ड्राइव्ह करू लागली, वर्गावर जाऊ लागली. नरेंद्रने आयसेलिनच्या देशी दुकानातून पेढे आणून मित्रांना वाटले. आम्ही मोजक्या जणी उरलो होतो. आमच्यात असा बदल झाला, की ती गोळी आम्हाला ओळखेनाशी झाली. सव्वा वर्षानं पद्मजाच्या छातीत पाणी साठलं.

ते पाणी काढताना मी नळीतून बाहेर आले. संशोधनासाठी पेशी ठेवू का, असं डॉक्टरांनी पद्मजाला विचारलं.

“ठेवा,” ती धापा टाकत म्हणाली. “पण माझ्या चांगल्या पेशी पण घ्या. कंपेअर करायला दोन्ही लागतात ना?”

त्यांनी तिच्या श्वासनळीतून थोड्या खरवडून घेतल्या. तीन आठवड्यांनी ती गेली. तिच्या अंगात राहिलेल्या माझ्या बहिणीही गेल्या. ज्या श्वासावर जगत होत्या, तोच त्यांनी बंद पाडला होता.

मी युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये एका चपट्या बाटलीत होते. मृणालिनी नावाची पुण्याची संशोधक मला पेशी वाढवायचं गुलाबी पाणी पाजत होती. एके दुपारी पद्मजाची मुलगी सई तिथे आली. सतरा वर्षांची. तिने मायक्रोस्कोपला डोळा लावला. खाली आम्ही, एकीवर एक चढलेल्या, वेड्यावाकड्या.

“इज दॅट मॉम?”

“आईच्या अंगातून आल्यात,” मृणालिनी म्हणाली. “पण आई नाही गं त्या.” मग तिने दुसरी बाटली ठेवली. “या आईच्या निरोगी पेशी. बघ, बाटलीचा तळ भरला, एकमेकींना टेकल्या आणि थांबल्या.”

“हाऊ लाँग विल दे लिव्ह?”

“अजून दोन-तीन आठवडे. मग म्हाताऱ्या होतील.”

“अँड दीज?” तिने माझ्याकडे बोट केलं.

“खायला घालत राहिलं, तर यांना मरण नाही.”

सईने दुसरी बाटली उचलून दोन्ही हातांत धरली. आमच्या बाटल्या माणसाच्या अंगाइतक्याच उबदार ठेवतात.

“गरम आहे,” ती म्हणाली. मराठीत. बाटली परत द्यायला तिला बराच वेळ लागला.

त्यानंतर सतराव्या दिवशी त्या पेशी गेल्या. मृणालिनीने सईला कळवलं नाही, आणि सईनेही विचारलं नाही.

मी आहे. दर सोमवारी मृणालिनी माझ्यावर नवं औषध घालते आणि गुरुवारी किती उरल्या ते पाहते. आजवर दर वेळी काही उरल्या आहेत. माझी दया येऊ देऊ नका. तिच्या हाताला यश येवो, असं मला म्हणता येत नाही. ते तुम्ही म्हणा. मला वेळ नाही, माझं दुभंगणं सुरू झालंय.