सोळा भोकं

"बोट ठेव," मावशी म्हणाल्या.

डिझायनरने हात खिशात घातला. "मावशी, थर्मामीटर लावलाय की."

"थर्मामीटरला चटका बसत नाही."

तपासणीच्या टेबलावर मावशींची एकतीस वर्षं गेली होती. घरच्या घरी आजाऱ्याला श्वास देणाऱ्या मशीनचा सर्किट बोर्ड त्यांच्या सहीशिवाय कारखान्याबाहेर पडत नसे. त्यांची रीत ठरलेली. बोर्ड मशीनच्या डब्यात बंद करायचा, तासभर पूर्ण भाराने चालवायचा, मग बटण बंद करून, वरच्या थरातला करंट जिथून खालच्या थरात उतरतो तिथे बोट ठेवायचं आणि पाच आकडे मोजायचे. बोट टिकलं तर सही. नवीन आलेले लोक या रीतीला हसायचे. हसणाऱ्याला मावशी पुढच्या वेळी स्वतःचं बोट ठेवायला लावायच्या.

करंट उतरायला तिथे सोळा बारीक भोकं असायची, प्रत्येकाला आतून तांब्याचा मुलामा. या खेपेला बोर्ड लहान करायच्या नादात डिझायनरने सोळाची चार केली होती.

"पण मोठी केलीत ना मी भोकं," तो म्हणाला.

"भोकातून काय वारा जायचाय? करंट जातो भिंतीतून, आणि भिंत केसाहून पातळ. त्यात चारातली पुढची दोन राबराब राबतात आणि मागची दोन नुसती हजेरी लावतात. आपल्या ऑफिससारखं."

"मी चालवून पाहिलाय. काही तापलं नाही."

"टेबलावर, पंख्याखाली! माणसाच्या घरी तो डब्यात कोंडलेला असणार."

मावशींनी ड्रॉवरमधून एक काळवंडलेला बोर्ड काढून त्याच्यापुढे टाकला. तो त्यांनी स्वतः आखलेला होता, वीस वर्षांपूर्वी; तेव्हा तपासणीबरोबर आखणीचं कामही त्यांच्याकडेच असे. सोळांच्या जागी एकच मोठं भोक. घाई होती म्हणून डब्याशिवाय तपासला आणि सही ठोकली. मग एका मुलीचं पत्र आलं. मशीन बंद पडलं, दवाखान्याची गाडी येईपर्यंत आम्ही भावंडं आळीपाळीने हाताने श्वासाचा फुगा दाबत होतो, वडील वाचले. पत्रात एकही वाईट शब्द नव्हता. मावशींना तेच अजून झोंबत होतं.

तेवढ्यात मॅनेजर आले. "दोनशे मशिनं आज गेली पाहिजेत. मावशी, सही?"

"नाही करणार."

"अहो, महिन्याभराने तुम्ही रिटायर. जाता जाता कशाला वाकड्यात शिरता?"

"एक चुकीची सही पदरात आहे, साहेब. दुसरी घेऊन घरी जायचं नाही मला."

मॅनेजर लाल झाले. "ठीक आहे. उद्यापासून कशाला, आत्तापासूनच पॅकिंगला बसा. आणि तू रे, तपासणीच्या रकान्यात तू सही कर."

मावशींनी चष्मा, जेवणाचा डबा आणि खुर्चीवरची उशी उचलली. बोर्ड पुन्हा मशीनच्या डब्यात घालून चालू केला आणि डिझायनरला म्हणाल्या, "सही करण्याआधी तासभर थांब आणि पाच मोज. बाकी तुझी मर्जी."

पॅकिंगला बसल्यावर त्यांना संताप आला आणि संतापाखाली रडूही. एकतीस वर्षांनी खोकी चिकटवायची! त्यांनी चिकटपट्टी अशी ओढली, की शेजारची बाई म्हणाली, "मावशी, खोक्याने काय घोडं मारलंय?"

चारच्या सुमाराला डिझायनर आला. डाव्या हातात तपासणीचा फॉर्म होता, उजव्या हाताच्या बोटावर टरारून फोड आला होता.

"कितीपर्यंत गेलास?"

"दोन," तो खाली बघत म्हणाला.

मागोमाग मॅनेजर. "झाली का रे सही? गाडी उभी आहे."

"पेन धरता येत नाही, साहेब."

"मग डाव्या हाताने कर!"

"डाव्या हाताची सही माझी नाही. आणि उजव्या हाताने मी आता करणार नाही."

पॅकिंगच्या बायकांचे हात थांबले. मॅनेजरनी फॉर्म हिसकावला, खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं.

"करा की," मावशी बसल्या जागेवरून म्हणाल्या. "बोर्ड अजून चालू आहे. आधी बोट ठेवून या."

मॅनेजरनी त्या फोडाकडे पाहिलं. मग फॉर्म टेबलावर आपटला. "दोघांकडे बघतो उद्या," म्हणत ते निघून गेले. बाहेरची गाडी रिकामीच गेली, तिचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"मावशी, सोळा बसतील का हो एवढ्याशा जागेत?"

"बसतील. कोपऱ्यातली वायर जोडायची खिट्टी सरकव जरा. बस इथे आधी."

मावशींनी उशी त्याच्याकडे सरकवली. जेवणाच्या डब्याचं झाकण उलटं करून फॉर्मच्या रिकाम्या रकान्यावर ठेवलं आणि त्यात बाटलीतलं गार पाणी ओतलं. डिझायनरने त्यात बोट बुडवलं.

"आता मोज," त्या म्हणाल्या, "हवे तेवढे."